बर्फखान्यात अडकलेला एफ्रेन

शुक्रवारची नमाज झाली, जेवण झालं, आणि नसरुद्दीन मजलिसमधल्या गादीवर पाठ टेकणार तेवढ्यात फोन वाजला. खालच्या मजल्यावरून कुलसुमखाला बोलत होती. खालाला फोनवर हळू बोलता येत नसे. सौदीतल्या जुबैलच्या त्याच इमारतीतून बोलली तरी श्रीवर्धनच्या धक्क्यावरून हाक मारल्यासारखी बोलायची.

"नसरू, लाइबा पुढच्या शनवारी गावाला चालली, बाळंतपणाला. आणि ती म्हणते, एफ्रेन त्या बर्फखान्यातून सुटला का आतच मेला, हे कळल्याबिगर मी विमानात चढायची नाय. आता तूच काय ते सांग."

नसरुद्दीन म्हणाला, मला काय ठाऊक. खाला म्हणाली, तुला नाय तर कोणाला, पुस्तक तुझ्या घरात हाय. लाइबा तर आताच फोनवर ते पुस्तक विकत घ्यायला निघाली होती, मीच तिला थांबवलं, म्हटलं घरचा माणूस असताना विकत कशाला. पुढच्या जुम्म्याला आम्ही येतो, तू सांग. एवढं बोलून खालाने फोन ठेवला.

हा एफ्रेन कोण, ते आधी सांगायला हवं.

नसरुद्दीनची बायको शरफुन्निसा मागच्या रमजानच्या थोडं आधी गेली. हृदयाने दगा दिला. तिला जुबैललाच माती दिली. शरफू महाडच्या कॉलेजात बी. ए. झालेली होती आणि इंग्रजी कादंबऱ्या वाचायची तिला फार हौस. एकदा त्यांच्या मुलीच्या, निदाच्या शाळेत जुन्या पुस्तकांचा मेळा भरला, तिथून तिने एक रहस्यकथा उचलून आणली. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ नावाच्या बंदराची गोष्ट. त्यात देल्फिना ओरोपेसा नावाची बाई. पोलिसातली नोकरी सोडून स्वतःच्या हिमतीवर खुनांचा तपास लावणारी. शरफूने ते पुस्तक स्वयंपाक करता करता संपवलं, त्या दिवशी डाळ खाली लागली, आणि मग तिने ती सगळी मालिकाच मागवली. सात पुस्तकं होती.

पण एकटीने वाचून तिचं समाधान होईना. दर शुक्रवारी दुपारी इमारतीतल्या बायका तिच्याकडे जमायच्या. कुलसुमखाला, खालाची सून लाइबा आणि वरच्या मजल्यावरची चिपळूणची अनिता. कोणी लसूण सोलायची, कोणी पोरांच्या शर्टाची बटणं लावायची, आणि शरफू देल्फिना सांगायची. वाचून दाखवायची नाही, सांगायची. व्हेराक्रूझ म्हणजे समजा आपलं श्रीवर्धन, पण बंदर मोठं आणि लोक जास्त भांडखोर, अशी तिने सुरुवात केली होती. तिथले लोक मक्याची भाकरी खातात आणि भात माशाच्या रश्श्यातच शिजवतात, हे ऐकल्यावर खालाने देल्फिनाला आपल्यातली मानून टाकलं. पुढे मग देल्फिना नवऱ्याला 'तुम्ही' म्हणाली काय आणि सासूच्या पाया पडली काय, कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

सौदीतल्या घरांत पुरुषांची मजलिस एका अंगाला असते, बायकांची बसायची खोली दुसऱ्या अंगाला, मधे एक दार. बायका आत बसल्या की नसरुद्दीन आणि लाइबाचा नवरा फहाद मजलिसमध्ये लोळायचे. दार लोटलेलं असायचं, पण कडी नसायची. त्या फटीतून देल्फिनाची सगळी पुस्तकं नसरुद्दीनच्या कानावरून गेली होती, निम्मी जागेपणी, निम्मी डुलकीत.

त्याला सगळ्यात जास्त आवडायचा तो देल्फिनाचा नवरा एफ्रेन. देल्फिना जेवढी चलाख, तेवढा हा वेंधळा. गाडी देल्फिना चालवायची, हा बाजूला बसून आपल्या पायाखाली नसलेला ब्रेक दाबत राहायचा. चोराचा पाठलाग चालू असताना रस्त्याच्या कडेला कलिंगडं दिसली की म्हणायचा, थांब जरा. मग एकेक कलिंगड कानाशी धरून वाजवून बघायचं, आणि चोर तिकडे पसार. पाळतीला बसवला तर गाडीत घोरायचा, आणि तेही असं की लपून बसलेला माणूस घाबरून आपण होऊन बाहेर यायचा. नसरुद्दीन पोट धरून हसायचा. एकदा तो दाराकडे तोंड करून म्हणाला होता, "अगं, या येड्याला त्या बाईने अजून सोडलं कसं नाही?" आत बायका अशा हसत सुटल्या की खालाला ठसका लागून पाणी द्यावं लागलं. यात एवढं हसण्यासारखं काय, ते नसरुद्दीनला कळलं नाही. शेजारी फहाद मोबाइलमध्ये तोंड घालून खोकत होता.

सातव्या पुस्तकात, माशांच्या लिलावात बोली पुकारणारा म्हातारा बंदराच्या पायऱ्यांवर मरून पडला. डोक्यात काहीतरी जड घातलेलं. त्याची एक पितळेची घंटा होती, ती वाजली की लिलाव सुरू व्हायचा. ती घंटा गायब. देल्फिनाला मदत करायची म्हणून एफ्रेन बर्फखान्यात शिरला आणि कोणीतरी बाहेरून दार लावून घेतलं. इथवर सांगून शरफू चहा टाकायला उठली, म्हणाली, बाकीचं पुढच्या जुम्म्याला. पुढचा जुम्मा तिला मिळाला नाही.

म्हणजे एफ्रेन तेव्हापासून बर्फखान्यातच होता. वर्षभर बायकांनी तो विषय काढला नव्हता. नसरुद्दीनचं तोंड बघून कोणाची हिंमत झाली नसेल. आता मात्र लाइबाचं विमान ठरलं होतं.

त्याच संध्याकाळी नसरुद्दीनने कपाटातून सातवं पुस्तक काढलं आणि निदापुढे ठेवलं. त्याचं स्वतःचं इंग्रजी बसच्या वेळापत्रकापुरतं. जुबैलच्या कारखान्यांत कामगार नेणाऱ्या बसगाड्यांचा तो सुपरवायझर होता, गेट नंबर आणि शिफ्ट यापलीकडे इंग्रजीशी त्याचा संबंध यायचा नाही. निदा अकरावीत होती. बापाने मराठीत विचारावं आणि तिने हिंदीत नाही तर इंग्रजीत उत्तर द्यावं, हा त्या घरातला रिवाज.

"फक्त एवढंच बघ, एफ्रेन बर्फखान्यातून कसा बाहेर येतो."

निदाने पानं उलटली. पुढची उलटली, मागची उलटली. "अब्बू, एफ्रेन तो है ही नहीं इसमें."

"नीट बघ. बर्फखान्यात असेल."

"बर्फखाने में भी नहीं है. ही इज डेड, अब्बू. सेकंड बुक में ही मर गया था."

"मेला कसा? सहाव्या पुस्तकात तो कलिंगड घेत होता."

निदा उठली आणि दुसरं पुस्तक घेऊन आली. तिने ते पान काढून वाचून दाखवलं, जमेल तसं हिंदी करत. बंदरावर मागे येणाऱ्या एका ट्रकखाली एफ्रेन सापडला आणि जागीच गेला. नसरुद्दीनने तिला म्हटलं, त्याच्या आधीचं वाच, जिवंत होता तेव्हाचं. निदाने तेही वाचलं. पुस्तकातला एफ्रेन एक सडपातळ, हळू बोलणारा बँकेतला कारकून होता. मासे त्याला चालत नसत, वासानेच मळमळायचं. संध्याकाळी घरी आला की पियानो वाजवायचा.

"हा तर भलताच माणूस आहे," नसरुद्दीन म्हणाला. "मग तो ब्रेक दाबणारा कोण? कलिंगड वाजवणारा?"

निदाने पुस्तक मिटलं आणि बापाकडे बघत राहिली. "अब्बू, आर यू सीरियस? आपको सच में नहीं पता?"

"काय नाही पता?"

"दॅट्स यू, अब्बू. वो आप हैं. सबको पता है."

नसरुद्दीनला पहिल्यांदा राग आला. कलिंगड तो वाजवून घेतो हे खरं, पण त्यापायी चोर कधी सोडला? मग त्याला शरफूच्या लायसन्सचे दिवस आठवले. बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाल्यावर इमारतीत सगळ्यात आधी तिने लायसन्स काढलं, आणि पहिल्याच दिवशी दम्मामच्या रस्त्यावर हा शेजारी बसून असा पाय दाबत होता की पायाखालची चटई फाटली. मग त्याला ती येड्याला सोडण्याची गोष्ट आठवली, आणि दारापलीकडचं ते हसणं. तोही हसायला लागला. हसता हसता उठून चहा करायला गेला, पाणी उकळलं, दूध घातलं, साखर घातली, गाळून दोन कप आणून ठेवले. निदाने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. चहाची पत्ती टाकायचीच राहिली होती.

निदाचं म्हणणं साधं होतं. बायकांना सांगून टाका, एफ्रेन दुसऱ्या पुस्तकातच मेला, बाकीचं अम्मीने मनाने रचलं. व्हॉट्स द बिग डील.

"तुझ्या अम्मीने त्याला पाच पुस्तकं जिवंत ठेवला," नसरुद्दीन म्हणाला, "आणि मी त्याला एका शुक्रवारात मारू?"

पण न मारावं तर कसं, तेही कळेना. निदाने त्याला सातव्या पुस्तकाचा शेवट सांगितला. खुनी निघतो बर्फखान्याचा मालक, पोरांना गोळ्या वाटणारा गोड माणूस. आणि देल्फिनाला तो कळतो कशावरून, तर एफ्रेन ट्रकखाली गेला तेव्हा आपण तिथे होतो, असं तो बोलता बोलता बोलून जातो. म्हणजे एफ्रेन मेल्याशिवाय खुनी सापडतच नाही. आणि घंटेचं काय, तर ती समुद्रात टाकलेली, कोणाला मिळतच नाही. शरफू यातून वाट कशी काढणार होती ते तिलाच माहीत. आणि आता शुक्रवारी नीट काही सांगितलं नाही, तर लाइबा ते पुस्तक घेणार, विमानात वाचणार आणि तिकडून खालाला फोन करणार की चाचीने आपल्याला इतकी वर्षं भलतंच सांगितलं. नसरुद्दीनला तेवढं मात्र होऊ द्यायचं नव्हतं.

आठवडाभर त्याच्या डोक्यात बर्फखाना बसला. एक दिवस त्याने वेल्डरांची बस भलत्याच गेटला पाठवली, आणि फोरमनचा फोन आला तेव्हा तो विचारात होता की बर्फखान्याला खिडकी असते का. ड्रायव्हरांना त्याने विचारून बघितलं, समजा तुम्ही शीतगृहात अडकलात तर काय कराल. पेशावरचा ड्रायव्हर म्हणाला, दरवाजा तोड दूँगा. गॅरेजमधला मलबारी मेकॅनिक म्हणाला, तोडायचं कशाला, आतून बटण असतं, दाबलं की दार उघडतं, नियमच आहे. नसरुद्दीनचा जीव भांड्यात पडला. त्याने मेकॅनिकला चहा पाजला.

शुक्रवारी बायका आल्या. लाइबाला सातवा महिना होता, तिला पाठीशी दोन उशा देऊन बसवलं. निदाही त्यांच्यात जाऊन बसली. नसरुद्दीन मजलिसमध्ये दाराला लागून बसला, शेजारी फहाद. दार नेहमीसारखं लोटलेलं होतं. आतून लसूण सोलल्याचा वास आला आणि खालाने आवाज दिला, हं, कर सुरू.

नसरुद्दीनने घसा साफ केला. "तर, बर्फखान्याच्या मालकाने खून केला होता. एफ्रेनने आतलं बटण दाबलं, दार उघडलं, तो बाहेर आला. देल्फिनाने मालकाला पकडलं. खलास."

फहादने कपाळावर हात मारला.

"बटण?" खाला म्हणाली. "वर्षभर मी नमाजेनंतर त्या माणसासाठी दुवा मागितली. थंडीत आहे बिचारा, अल्ला त्याला सोडव. आणि तिथं बटण होतं?"

अनिता म्हणाली की नसरुद्दीनभाई दमले असतील, जाऊ दे. पण तिच्या आवाजावरून कळत होतं की जाऊ दे असं तिला अजिबात वाटत नव्हतं. लाइबा तर सरळच म्हणाली, "चाचा, बटण असतं तर चाचीने तेव्हाच सांगितलं असतं. तिने त्याला उगाच आत ठेवला का? मी पुस्तक मागवतेच आता." आणि आत मोबाइलचा आवाज आला.

"थांब," नसरुद्दीन म्हणाला. "बटण होतं. पण ते चालत नव्हतं."

मोबाइल गप्प झाला.

"मालकानेच बिघडवून ठेवलं होतं," तो म्हणाला, आणि हे बोलल्यावर त्याचं त्यालाच ते पटलं. "एफ्रेनने दाबलं, दाबलं, काही होईना. मग त्याने हाका मारल्या. तिथे बर्फाच्या लाद्या बाहेर सरकवायला एक लहान खिडकी असते, हातभर, माणूस जात नाही, आवाज जातो. पण बंदरावर कोण कोणाची हाक ऐकतो? तिथे सगळेच ओरडत असतात."

"हे बरोबर हाय," खाला म्हणाली. "मग तो आत काय करत होता?"

नसरुद्दीनला पुढचं ठाऊक नव्हतं. त्याने डोळे मिटले आणि स्वतःला विचारलं, तू असतास तर काय केलं असतंस. खरं उत्तर लगेच आलं आणि ते काही मर्दुमकीचं नव्हतं.

"मासे बघत होता," तो म्हणाला.

आत अनिताला हसू फुटलं, तिने ते तोंडावर पदर धरून दाबलं असावं.

"म्हणजे असं, की समोर एवढे मासे, टोपल्याच्या टोपल्या. तो काय नुसता बसेल? त्याने एकेकाचे कल्ले उघडून बघायला सुरुवात केली. लाल आहेत का, ताजे आहेत का. ही सुरमई चांगली, पोट अंड्यांनी फुगलेलं, हा हामूर चांगला, ही सौंदाळी जरा लहान. थंडीने दात वाजतायत, पण हा आपला कल्ले बघतोय. आणि मग एका टोपलीत त्याला वेगळेच मासे दिसले. डोळे आत गेलेले, कल्ले काळे पडलेले. बाकी सगळा माल सकाळचा, आणि ही टोपली आठवड्याची."

"विकायचं सोडून शिळे मासे कोण ठेवेल?" अनिताने विचारलं.

"तेच," नसरुद्दीन म्हणाला. तिने ते विचारलं म्हणून त्याला पुढचं सुचलं. "ज्याला ती टोपली कोणी उचलायला नको, तो ठेवेल. शिळ्या मासळीत कोण हात घालतो? पण हा एफ्रेन. याला राग आला, असा माल नासवला म्हणून. त्याने आख्खी टोपली उपडी केली. आणि तळाशी काय निघालं?"

"घंटा," लाइबा म्हणाली.

"घंटा. पितळेची. काठाला रक्त लागलेलं. तीच म्हाताऱ्याच्या डोक्यात घातली होती."

आत सगळ्या एकदम बोलायला लागल्या. खाला सांगत होती की तिला पहिल्यापासून मालकावर संशय होता, पोरांना फुकट गोळ्या वाटणारा माणूस कधी सरळ नसतो. निदा त्यांच्यात होती आणि तिला एकटीला माहीत होतं की पुस्तकातली घंटा समुद्राच्या तळाशी आहे.

"पण चाचा, घंटा मिळाली तरी तो आतच," लाइबा म्हणाली. तिच्यापुढे एफ्रेनची सुटका अजून शिल्लक होती आणि ती कशातही सूट द्यायला तयार नव्हती.

नसरुद्दीन मांडी बदलून पुढे सरकला. आता त्याला मजा यायला लागली होती. "घंटा हातात आल्यावर माणूस काय करेल? वाजवेल. त्याने ती खिडकीपाशी नेली आणि वाजवायला लागला. माणसाची हाक कोणी ऐकत नाही, पण ती घंटा आख्ख्या बंदराच्या ओळखीची. ती वाजली म्हणजे लिलाव सुरू. म्हातारा मेल्यापासून ती वाजलीच नव्हती. ती ऐकल्याबरोबर होडीवाले, टोपल्यावाल्या, दलाल, सगळे जे काही हातात होतं ते टाकून बर्फखान्याकडे धावले. आधी मी बोली लावतो, आधी मी. आणि देल्फिना तिथे पायऱ्यांवर उभी होती. तिने बघितलं, सगळं बंदर आवाजाकडे धावतंय, आणि एकटा माणूस उलट्या दिशेने पळतोय."

"मालक," फहाद म्हणाला. तो कधी बोलायचा नाही, आज राहवलं नाही.

"मालक. तिने त्याला पळू दिला नाही. दोन गल्ल्यांत धरला आणि हात मागे बांधून घेऊन आली. मग किल्ली घेतली आणि दार उघडलं."

नसरुद्दीन थांबला. त्याच्या मते गोष्ट संपली होती. खुनी सापडला, एफ्रेन वाचला, शरफूचा शब्द राहिला. त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"आणि देल्फिना काय म्हणाली त्याला?" लाइबाने विचारलं. "दार उघडल्यावर?"

पेला तसाच राहिला. आख्ख्या आठवड्यात त्याने कड्या, बटणं, खिडक्या सगळ्याचा विचार केला होता, पण याचा केला नव्हता. आतून लसूण सोलायचाही आवाज येत नव्हता. फहादने गादीवरचा धागा ओढायला घेतला. नसरुद्दीनला दारापलीकडची माणसं दिसत नव्हती, आणि आपण त्यांना दिसत नाही, हे त्याला त्या वेळी फार बरं वाटलं. मग त्याच्या मनात आलं की यात विचार करण्यासारखं काय आहे. इतकी वर्षं तो उशिराने घरी गेला होता आणि दार उघडणारी बाई प्रत्येक वेळी काही ना काही म्हणाली होती.

"ती त्याला आधी वरून खालपर्यंत बघून घेते," तो सावकाश म्हणाला. "धड आहे ना, हातपाय हलतात ना. नाकाला बर्फ लागलेला असतो, तो पदराने पुसते. आणि मग म्हणते, इतका वेळ माशांच्यात बसलात, आणि रिकाम्या हाताने आलात?"

आत पहिल्यांदा खालाच हसली, आणि हसता हसता तिला नाक पुसावं लागलं. अनिता म्हणत होती, अगदी तसंच, अगदी तसंच बोलायची. लाइबाने मोबाइल पर्समध्ये टाकून चेन ओढली. ती म्हणाली, झालं, आता मी जाते सुखाने, आणि पुस्तकबिस्तक मागवण्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मग निदा म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली, की मी चहा टाकते, अब्बूंनी टाकायला नको.

खालाला मात्र अजून सगळं मिळालं नव्हतं. "अरे पण ती एवढं बोलली, त्यावर तो काय म्हणाला?"

"तो काय म्हणणार, खाला," नसरुद्दीन म्हणाला. "तो परत आत गेला आणि एक सुरमई घेऊन आला."

"गाभोळीवाली?" अनिताने विचारलं.

"गाभोळीवाली," नसरुद्दीन म्हणाला.